प्रकल्प नोंदी: देवलापारचा काळा पट्टा

२८ सप्टेंबर २०२४
विषय मंजूर झाला. शीर्षक आम्ही जोरात लिहून नेलं होतं, ‘नागपूर परिसरातील अग्निज व रूपांतरित खडकांचा तुलनात्मक अभ्यास’ (अग्निज म्हणजे वितळलेल्या दगडातून गोठलेले, रूपांतरित म्हणजे उष्णतेने-दाबाने बदललेले). मॅडमनी वाचलं आणि एवढंच विचारलं, “तुलना कशासाठी?” तिघांपैकी एकाकडेही उत्तर नव्हतं. भंडारा म्हणाला, “मॅडम, दोन्ही इथेच मिळतात म्हणून.” (भंडारा म्हणजे आमच्या गटातला मुलगा, हॉस्टेलात सगळ्यांची नावं गावावरून पडतात. दुसरी उमरेड. मी वर्धा.)

हसू आलं, पण कारण खोटं नाही. शहराच्या पश्चिमेला दख्खनचा ट्रॅप, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. सीताबर्डीची टेकडी ही त्याची पूर्वेकडची कड. तिथून पूर्वेला उतरलं की त्याच्याहून कितीतरी जुने नाइस, म्हणजे पट्टेदार रूपांतरित खडक. उत्तरेला कामठीकडे गोंडवनाचे वालुकाश्म, आणि रामटेकच्या बाजूला सौसर या जुन्या रूपांतरित खडकांच्या गटाचे शिस्ट (पापुद्र्यांचे खडक), संगमरवर, मँगनीजचे थर. पेट्रोलची एक टाकी भरून पृथ्वीच्या इतिहासातली एवढी पानं उलटता येतील अशी शहरं फार नसावीत.

मॅडमचा हुकूम: रिपोर्ट इंग्रजीत, पण वही रोज लिहायची, आणि ती ज्या भाषेत डोकं चालतं त्या भाषेत. म्हणून ही वही. मराठी विश्वकोशात शिस्टला ‘सुभाजा’ आणि नाइसला ‘पट्टिताश्म’ म्हणतात. पट्टिताश्म मला आवडला, दगड पाहिला की शब्द पटतो. पण ग्राइंडिंग करताना कोणी ‘तो सुभाजा इकडे दे’ म्हणणार नाही. वहीत शिस्टच राहील.

६ ऑक्टोबर
रविवार. पश्चिम नागपूर. सकाळी तर्री-पोहे, मग हिंगणा रस्त्याच्या पुढची एक बंद गिट्टी खदान. आपल्या गिट्टीखदान वस्तीचं नाव कुठून आलं हे पाच वर्षं इथे राहून आज पहिल्यांदा डोक्यात शिरलं.

खदानीच्या भिंतीत दोन लाव्हा प्रवाह एकावर एक दिसतात. खालच्याचा माथा भोकाभोकांचा, भोकांत पांढरा झिओलाइट आणि हिरवट माती. त्यावर विटकरी रंगाची पातळ पट्टी. तिच्यावर दुसऱ्या प्रवाहाचा घट्ट काळा तळ. वितळलेल्या दगडातला वायू वर चढतो म्हणून भोकं माथ्याला, हे पुस्तकात होतंच. पण उमरेडने हातोडा मारला आणि खालचा दगड ‘भद्द’ वाजला, वरचा ‘टण्ण’. हे पुस्तकात नव्हतं. सहा नमुने, ना-१ ते ना-६.

येताना टाकळीचा विषय निघाला. स्टीफन हिस्लॉप हे मिशनरी इथे शाळा चालवायचे आणि उरलेल्या वेळात दगड गोळा करायचे. त्यांनी आणि हंटर यांनी १८५५ मध्ये नागपूरच्या भूशास्त्रावर निबंध छापला; लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात सापडलेले जीवाश्म त्यांनी टाकळीहूनच जमवले होते. हिस्लॉप १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना पुरात बुडून गेले. आज त्या टाकळीत फ्लॅट आहेत. गाळाचा थर कोणाच्या पार्किंगखाली असेल देव जाणे.

१० ऑक्टोबर
थिन सेक्शन, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला दगडाची आरपार दिसेल इतकी पातळ चकती. आमच्या विभागात हे काम मामा करतात, म्हणजे प्रयोगशाळेतले मामा. यंदा त्यांनी हात वर केले: “मी एक करून दाखवीन, बाकी तुम्ही.”

पद्धत अशी. हिऱ्याच्या पात्याने चकती कापायची. एक बाजू काचेवर कार्बोरंडमच्या पुडीने घासायची, आधी २२० नंबर, मग ४००, मग ६००. ती गुळगुळीत झाली की काचपट्टीवर अराल्डाइटने चिकटवायची. दुसऱ्या दिवशी दुसरी बाजू घासत न्यायची, ०.०३ मिलिमीटर उरेपर्यंत. जाडी मोजायला पट्टी नसते. क्रॉस निकॉलखाली (सूक्ष्मदर्शकातल्या दोन काटकोनी ध्रुवकांमध्ये) गारगोटी करडी-पांढरी दिसली की जाडी बरोबर. पिवळी दिसली तर अजून घासा. बेसाल्टमध्ये, म्हणजे आमच्या ना-नमुन्यांच्या लाव्हा दगडात, गारगोटी नसते, तिथे प्लॅजिओक्लेज या खनिजावरून ओळखायचं.

मामांनी बोटांनी गोल फिरवत अर्ध्या तासात ना-२ आरपार केला, काचेखाली वर्तमानपत्र वाचता येईल इतका. माझा ना-३ एका कडेला संपून गेला आणि दुसऱ्या कडेला जाडच. भंडाऱ्याची काचपट्टीच फुटली. मामा म्हणाले, “दगड घाई नाही करून राहिला, तुम्ही कशाला करून राहिले?”

परवा दसरा. दीक्षाभूमीकडचे रस्ते बंद असतील, विभागही बंद.

१९ ऑक्टोबर
चार सेक्शन धड झाले. बेसाल्ट सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं म्हणजे दिवाळीआधीच दिवाळी. प्लॅजिओक्लेजच्या काड्या, अंगावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या. काड्यांच्या फटींत ऑजाइट (लोह-मॅग्नेशियमचं खनिज), निळा-पिवळा-नारिंगी. अधूनमधून अपारदर्शक लोहखनिज. आणि उरलेल्या जागेत काच, जी आता काच राहिलेली नाही, तपकिरी-हिरवी माती झालीय. काही ठिकाणी ऑजाइटच्या एका मोठ्या दाण्यात प्लॅजिओक्लेजच्या काड्या अर्ध्या घुसलेल्या. मॅडम म्हणाल्या, “हे सब-ओफिटिक. नीट पाहून ठेवा, डोळे मिटले तरी दिसलं पाहिजे.” तेव्हा वाटलं परीक्षेसाठी म्हणताहेत.

ना-२ मध्ये ५०० बिंदूंवर कोणतं खनिज येतं ते मोजलं: प्लॅजिओक्लेज ४६ टक्के, ऑजाइट ३८, लोहखनिज ९, बिघडलेली काच ७. जुळ्या पट्ट्यांचा विलोपन कोन (मंच किती फिरवला की दाणा काळा होतो) जास्तीत जास्त ३१ अंश, म्हणजे लॅब्राडोराइट, प्लॅजिओक्लेजचा एक प्रकार. मान गेली.

१० नोव्हेंबर
हा दिवस सविस्तर लिहिते.

सकाळी साडेसहाला गाडी. जबलपूर हायवेने कन्हान, मग मनसर. खाणीत उतरायचं नाही हे मॅडमनी आधीच सांगितलं होतं. गोंडाइट विभागाच्या संग्रहालयात आहे, तोच वापरायचा. गोंडाइट म्हणजे गारगोटी आणि स्पेसार्टाइन या मँगनीजच्या गार्नेटचा खडक. भूशास्त्रज्ञ फर्मर यांनी गोंडांच्या नावावरून हे नाव ठेवलं. मँगनीजवरचा त्यांचा जाडजूड ग्रंथ १९०९ चा. ब्लॅनफोर्डाइट हे गुलाबी-निळं पायरॉक्सीनही त्यांनीच रामटेकजवळच्या काचुरवाहीहून नोंदवलं. काचुरवाही उमरेडच्या मावशीचं गाव. मावशीला हे सांगितलं तर म्हणाली, “आमच्या इथे पाणी सोडून सगळं निघते.”

रामटेकला गडाखाली अभ्रकाचा शिस्ट. त्रिपुरी पौर्णिमेच्या यात्रेची तयारी सुरू होती, पाळणे उभे राहत होते. पायथ्याची मातीसुद्धा चकाकते, बुटांना अभ्रक लागतं. गडावरच्या दगडाला अर्थातच हात लावला नाही. बाहेरच्या एका नाल्यातून गार्नेट असलेला शिस्ट मिळाला, गार्नेट हरभऱ्याएवढे. रा-१ ते रा-४.

दुपारी देवलापार. इथेच भूशास्त्रज्ञ डब्ल्यू. डी. वेस्ट यांनी १९३६ मध्ये नॅपची मांडणी केली होती: खडकांची आख्खी चादर दुमडून दुसऱ्या खडकांवर सरकली आहे, आल्प्समध्ये सरकते तशी. नंतरच्या अभ्यासकांत त्यावर पुष्कळ वाद झाले. आम्ही त्या वादात पडायच्या लायकीचे नाही. आम्हाला संगमरवर हवा होता आणि तो मिळाला. आम्ल टाकलं तर गप्प. चाकूने खरवडून भुकटीवर टाकलं तेव्हा फसफसलं. म्हणजे डोलोमाइट. त्यात हिरवट काड्या, बहुधा ट्रेमोलाइट.

आणि मग तो पट्टा. रस्त्यासाठी कापलेल्या दरडीत, पेंचच्या जंगलाच्या हद्दीबाहेर, करड्या-गुलाबी नाइसमध्ये काळा दगड. अडीच मीटर रुंद. आम्ही तो सुमारे ४० मीटर चालत मागे नेला, मग तो मातीखाली गेला.

भंडारा लगेच म्हणाला, “डाइक आहे बे. डेक्कनचा.” (डाइक म्हणजे खडकाच्या भेगेत शिरून गोठलेल्या लाव्ह्याची भिंत.) त्याचं चूक नव्हतं. ट्रॅपचा मुलूख पश्चिमेला फार दूर नाही, दगड काळा, जड, घट्ट. मी वहीत लिहूनही टाकलं: दे-४ ते दे-८, डोलेराइट (बेसाल्टचाच जरा जाड दाण्यांचा भाऊ). ब्रंटन कंपासने घेतलेली मापं अशी: नाइसच्या पट्ट्यांची दिशा उत्तर ७० पूर्व, उतार दक्षिणेकडे ५०-५५ अंश. काळ्या पट्ट्याची दिशा? तीच. उतार? तोच.

उमरेड गप्प होती. गाडीत बसल्यावर म्हणाली, “डाइक असता तर आडवा कापत नसता गेला?” भंडारा म्हणाला, कमकुवत जागा जिथे असेल तिथून लाव्हा शिरतो, पट्ट्यांच्या फटीतूनही शिरेल. दोघांचंही बरोबर. कडा पाहायला हव्या होत्या: गरम लाव्हा थंड खडकाला टेकतो तिथे तो पटकन गोठतो आणि दाणे बारीक राहतात. आम्ही कडेचा आणि मधला, दोन्ही नमुने घेतले होते, पण लेन्स लावून कडेशी दहा मिनिटं कोणीच बसलं नाही. पाच वाजत आले होते आणि एक आजोबा तीनदा येऊन विचारून गेले, “रोड अजून मोठा होऊन राहिला का? आमची जमीन जाते का?” दगड शिकतो म्हटलं तर त्यांना ते पटलं नाही. ब्रंटन आणि टेप घेऊन फिरणाऱ्या माणसांचा त्यांना आलेला अनुभव वेगळा असणार.

११ नोव्हेंबर
घोटाळा. काल गाडीत पाण्याची बाटली सांडली. कापडी पिशव्यांवरचे मार्करचे नंबर पुसले गेले. रा-मालिका वाचली, कारण शिस्ट ओळखू येतो. दे-४, दे-५, दे-६ वर दगडावरच व्हाइटनरने नंबर होता. दे-७, दे-८ आणि एक कुठला तरी तिसरा असे तीन काळे दगड बिननावाचे. दे-७ हाच पट्ट्याच्या बरोबर मधला होता.

व्हाइटनर लावायचं काम माझं होतं. शेवटच्या तीन दगडांना ‘घरी गेल्यावर लावू’ म्हटलं. लिहून ठेवते.

१६ नोव्हेंबर
शिस्टचे सेक्शन. पहिला वाया. अभ्रकाचे थर ज्या दिशेला आहेत त्याच दिशेने मी चकती कापली, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली नुसते अभ्रकाचे पापुद्रे, जणू पुस्तकाचं मुखपृष्ठ पाहतोय. पानं दिसायची तर थरांना काटकोनात कापायला हवं. दुसरा तसा कापला तर घासताना अभ्रक निघून यायला लागलं. मामांनी चकतीला आधी पातळ अराल्डाइट पाजलं, रात्रभर ठेवलं, मग जमलं.

रा-२ सुंदर आहे. अभ्रकाच्या लाटा गार्नेटला वळसा घालून जातात, नदी खडकाला वळसा घालते तशा. क्रॉस निकॉलखाली गार्नेट ठार काळा, मंच कितीही फिरवा. त्याच्या पोटात गारगोटीचे बारीक कण ओळीने अडकलेत, आणि ती ओळ बाहेरच्या लाटांशी जुळत नाही, तिरकी आहे. म्हणजे गार्नेट वाढताना खडक दाबला जात होता आणि एकतर गार्नेट फिरला किंवा भोवतालचं सगळं. मॅडमनी स्वतः खुर्ची ओढून दहा मिनिटं पाहिलं. कौतुक केलं नाही, पण फोटो काढायला सांगितला.

२० नोव्हेंबर
विधानसभेचं मतदान. भंडारा आणि मी आपापल्या गावी. देवलापारला परत जायचं ठरवत होतो, गाडीवाले भाऊ म्हणाले, निवडणुकीत गाड्या गेल्या, पंधरा दिवस विचारू नका.

३ डिसेंबर
वॉकरच्या स्टीलयार्डवर (दगड हवेत आणि पाण्यात तोलायचा तराजू) घनता. बेसाल्ट ना-२: २.९१. दे-४: ३.०२. दे-५: ३.०४. भंडारा खूश, कारण डोलेराइट ३ च्या आसपास बसतो. उमरेडने तक्ता पुढे केला: अँफिबोलाइट हा काळा रूपांतरित खडकही तिथेच बसतो. एक दुपार घालवून आम्ही काहीच सिद्ध केलं नाही.

१७ डिसेंबर
अधिवेशनामुळे शहर बांधून टाकल्यासारखं. सिव्हिल लाइन्सकडून येताना तीन ठिकाणी अडवलं, बॅगेतल्या दगडांचं कारण दोनदा सांगावं लागलं.

पण दे-४ चा सेक्शन झाला. मंच फिरवला आणि रंग बदलला: पिवळट तपकिरी, मग गर्द हिरवा, परत पिवळट. एकाच निकॉलखाली. ऑजाइट असं करत नाही. दाणा ज्या रेषांवर फुटतो त्या दोन फुटींमधला कोन मोजला, १२४ अंश. ऑजाइटमध्ये तो जवळपास काटकोन असतो. हॉर्नब्लेंड, अँफिबोलाइटचं मुख्य खनिज! सगळे हॉर्नब्लेंड एका दिशेला झोपलेले, मध्ये प्लॅजिओक्लेज, थोडी गारगोटी. ५०० बिंदूंत हॉर्नब्लेंड ५८ टक्के, प्लॅजिओक्लेज ३१, गारगोटी ५, टायटेनाइट आणि लोहखनिज ६.

अँफिबोलाइट. रूपांतरित. डेक्कनचा डाइक मुळीच नाही. सौसरचं मोठं रूपांतरण साधारण शंभर कोटी वर्षांमागचं, ट्रॅप त्यापुढे कालचा पोर. डेक्कनचा लाव्हा इथे शिरला असता तर त्याला असं दाबायला, भाजायला कोणी उरलं नव्हतं.

भंडाऱ्याने मनावर घेतलं नाही. म्हणाला, “म्हणजे मी शंभर कोटी वर्षांनी चुकलो फक्त.”

मॅडमना दाखवलं. वाटलं, आता तरी शाबासकी. त्या म्हणाल्या, “हॉर्नब्लेंड होण्याआधी तो काय होता?”

१९ डिसेंबर
या प्रश्नावर दोन दिवस गेले. काळा अँफिबोलाइट दोन वाटांनी होतो. एक, आधी बेसाल्ट किंवा डोलेराइट होता, तो जमिनीत खोल गाडला गेला, ५००-७०० अंश तापला, थोडं पाणी मिळालं आणि ऑजाइटचं हॉर्नब्लेंड झालं. दोन, आधी डोलोमाइट आणि चिखल मिसळलेला गाळ होता. त्यातही कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह, अ‍ॅल्युमिना सगळं असतंच, तापला की तोही हॉर्नब्लेंडच देतो. पहिला ऑर्थो, दुसरा पॅरा. आणि आमच्या पट्ट्याच्या शेजारीच डोलोमाइटी संगमरवर पडलाय.

म्हणजे ‘तुलना कशासाठी’ या पहिल्या दिवसाच्या प्रश्नाला आज कुठे उत्तर सापडतंय. पश्चिम नागपूरचा बेसाल्ट आणि देवलापारचा काळा पट्टा हे दोन वेगळे नमुने म्हणून शेजारी ठेवायचे नाहीत. एक दुसऱ्याची आधीची अवस्था असू शकतो का, हे विचारायचं.

दोन नमुन्यांच्या रासायनिक तपासणीचे पैसे वर्गणीने भरले. ना-२ आणि दे-४.

५ जानेवारी २०२५
पुन्हा देवलापार. धुकं इतकं की मनसरपर्यंत गाडी ३० च्या वर गेली नाही.

या वेळी घाई नाही. कडेशी लेन्स लावून बसलो. कडेला दाणे बारीक नाहीत, उलट काळ्या अभ्रकाचा बोटभर थर, नाइसच्या पट्ट्यांशी समांतर. कडेपासून आत दर ३० सेंटिमीटरला एक नमुना, नऊ नमुने, प्रत्येकावर जागच्या जागी व्हाइटनर आणि वर पारदर्शक नेलपॉलिश (उमरेडची युक्ती). आत जावं तशी पट्टेदारी विरत जाते. अगदी मध्ये दगड चहूबाजूंनी सारखाच दिसतो, हातोडा मारला की कसाही फुटतो, आणि भिंगाखाली ठिपकेदार. दे-१३.

ते आजोबा भेटले. ओळखलं. “झाला का सर्व्हे?” चहा पाजला. या वेळी भंडाऱ्याने त्यांना दगड फोडून आतला चकाकणारा भाग दाखवला, त्यांनी लेन्समधून पाहिला आणि परत जमिनीचंच विचारलं.

१८ जानेवारी
निकाल आला. सिलिका: बेसाल्टमध्ये ४९ टक्क्यांच्या आसपास, अँफिबोलाइटमध्ये त्याहून जेमतेम एकने जास्त. लोह, मॅग्नेशियम, कॅल्शियम, सगळं एकमेकांच्या मागे-पुढे. भंडारा म्हणाला, झालं, ऑर्थो. मॅडमनी लीक यांचा १९६४ चा निबंध पुढ्यात ठेवला. ऑर्थो आणि पॅरा वेगळे करायचे तर एका विश्लेषणाचा आकडा पुरत नाही. बरेच नमुने आलेखावर मांडून त्यांची रांग कोणत्या दिशेला जाते ते पाहायचं. मॅग्मा थंड होत बदलतो तशी, की गाळ आणि चुनखडी कमी-जास्त मिसळत जावी तशी. आमच्याकडे अँफिबोलाइटचा बिंदू एक. एका बिंदूची दिशा कोणती? आणखी आठ नमुन्यांचे पैसे नाहीत. तिळगुळाच्या वड्या खात हा विषय संपवला.

३ फेब्रुवारी
दे-१३ चा सेक्शन मी एकटीने घासला, ६०० नंतर ८०० वर. मामांनी फक्त लांबून पाहिलं.

हॉर्नब्लेंड आहेच, पण झोपलेलं नाही, ऐसपैस ठिगळांत. आणि ठिगळांच्या आत प्लॅजिओक्लेजच्या काड्या. कडा झिजलेल्या, अंगावर धूळ, जुळ्या पट्ट्या पुसट, पण काड्याच, अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर. मी डोळे मिटले. ना-२ दिसला. ऑजाइटच्या जागी हॉर्नब्लेंड येऊन बसलंय, पण मांडणी त्याच्याआधीच्या घरमालकाची आहे.

एका ठिगळाच्या गाभ्यात फिकट तपकिरी, रंग न बदलणारा तुकडा आहे. विलोपन कोन ४२. ऑजाइटचा अवशेष असावा. ‘असावा’ हा शब्द मॅडमनी ठेवायला सांगितला, कारण तुकडा एकच आहे आणि कडेला सेक्शन जाड आहे.

गाळात अशी वीण होत नाही. वितळलेल्यातून गोठतानाच होते. तेव्हा मधला भाग ऑर्थो, एवढं लिहिता येईल. कडेच्या अर्ध्या मीटरबद्दल काहीही लिहायचं नाही, तिथे वीण पुसली गेलीय.

भंडाऱ्याला फोन केला. तो गावी होता. “म्हणजे डाइकच होता ना बे?” डाइक होता की गाळाच्या थरांवर वाहिलेला लाव्हा होता हे अडीच मीटरवरून सांगता येत नाही म्हटलं. “पण अग्निज होता.” होता. “मग १० नोव्हेंबरला मी काय म्हणत होतो?”

१२ फेब्रुवारी
रिपोर्टचा मसुदा गेला. नकाशाच्या सूचीत ‘डोलेराइट डाइक’ खोडून ‘अँफिबोलाइट (मध्यभागी अवशिष्ट सब-ओफिटिक वीण)’. १० नोव्हेंबरचं पान वहीत तसंच ठेवलंय, फक्त समासात तारीख घालून दुरुस्ती.

ते तीन बिननावाचे काळे दगड टेबलावरच होते. एक दे-१३ च्या शेजारी ठेवला तर भाऊच वाटतो. तो दे-७ असणार याबद्दल माझी खात्री आहे. रिपोर्टमध्ये तो नाही, जागा सांगता येत नाही म्हणून. टाकून द्यायचा का, विचारलं. मामांनी तिन्ही उचलले, फडक्याने पुसले आणि पहिल्या वर्षाच्या स्पॉटिंगच्या (नमुना पाहून नाव लिहायच्या परीक्षेच्या) ट्रेमध्ये नेऊन ठेवले. “पुढच्या महिन्यात प्रॅक्टिकल आहे पोरांची,” म्हणाले. “सगळे डोलेराइटच लिहितात.”